दिग्दर्शकाचं नाव येईपर्यंत

गोळीबार चौकातल्या झिबल परात्यांचा
दिवसा हातमाग,
संध्याकाळी टॉकीजच्या बाल्कनीत बॅटरी.
मला तिकिटाशिवाय आत सोडायचे.
अट एकच :
‘नावं पाय. डायरेक्टरचं नाव आलं का भायेर.
थांबला तं मालक माह्या पगारातून कापते.’

नऊ ते बारा या वयात मी असे
दोनेकशे सिनेमे पाहिले,
प्रत्येकी चार मिनिटं.

मखमलीवर ठेवलेलं जाड पुस्तक, एक हात
पानं उलटायचा; अंगठी दिसायची, माणूस नाही.
हे कौटुंबिक.
समईमागून थरथरत येणारी अक्षरं, हे देवाचं.
घाटातली मोटार तर बिचारी
प्रत्येक नावाला जागच्या जागी गोठायची,
छायाचित्रण गेलं की सुटायची,
संकलनाला पुन्हा गोठायची.
मारामारीच्या पिच्चरला संगीतकाराच्या वेलांटीवरून
रक्त ओघळायचं.
आणि एका विनोदी सिनेमात रेघांचा टकलू
‘संवाद’मधल्या अनुस्वारावर डोकं आपटून
थेट निर्मात्याच्या नावात पडला.

एकदा नुसतं काळं.
बारीक, पांढरी, न हलणारी अक्षरं. वाद्य नाही.
आवाज गेला म्हणून खालून शिट्ट्या सुरू.
परातेकाका बॅटरी विझवून उभे.
म्हणाले, ‘याले घाई नाही बे.’

सरसर वर जाणारी नावं त्यांना पटत नसत :
‘तुरीवर लुगडं गुंडाळल्यावानी.
गाठ रायली तं दिसत बी नाही.’

मग एका मे महिन्यात, कूलर बंद असताना,
पिच्चर सुरू झाला तो सरळ खुनापासून.
नाव नाही, गाव नाही.
मी थांबलो. पोलीस आले. एक बाई
रडता रडता खिडकी लावून घेऊ लागली,
आणि पंचविसाव्या मिनिटाला, कधी नव्हे ते, नावं!
काकांची बॅटरी माझ्या घोट्यावर आली,
जिन्यावर गेली, परत घोट्यावर.
‘काय करू बे तुह्यं?’
पण नेम मोडला नाही.
मी सायकल स्टँडवर, घामाघूम,
खुनी कोण ते न कळता.
तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे अर्धी आहे.
बाकीच्या दोनशे पूर्ण.

आता मनीषनगरात फ्लॅट, भिंतीएवढा टीव्ही.
नावं सुरू झाली की कोपऱ्यात चौकट येते :
वगळा.
पोरगी दाबते.
थांब ना, म्हणतो मी.
बाबा, यात आहे काय पण?

ती झोपल्यावर लावतो, आवाज बारीक करून.
वेशभूषा. ध्वनी. कथा.
दिग्दर्शकाचं नाव येतं
आणि घोट्याला लागते
पिवळी, गोल ऊब.
मी उठतो. अंधारात
चपला चाचपतो.