शेऱ्याचा रकाना

विदुलानं एकसष्टाव्या वर्षी घेतली ही गाडी,
स्वतःच्या फंडातून, मला न विचारता.
दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, दोनशे घोडे.
लोकमान्य नगरात ती वळली
की भाजीच्या हातगाड्या आपसूक मागे सरकतात.
मी एवढंच विचारलं, देते किती?
म्हणाली, तू मोज.

मोजायची सवय आहेच.
चौतीस वर्षं वीज मंडळात दुसऱ्यांची गळती मोजली.
आता अन्नपूर्णा रोडचा पंप, नोझल तीन नंबरचं,
आणि दशरथ, ज्याला माझा नियम पाठ आहे:
पहिल्या 'कट्'ला थांबायचं.
तरी दर वेळी विचारतोच,
"काकाजी, तीन हज़ार पूरे कर दूँ?"
नको रे भिया, पैसे पूर्ण होतील, हिशोब मोडेल.

कंपनीचा कागद म्हणतो पंधरा.
काचेमागचा आकडा म्हणतो साडेआठ.
माझी वही म्हणते
तीनशे अठरा किलोमीटर, एक्केचाळीस पूर्णांक सहा लिटर,
म्हणजे सात पूर्णांक चौसष्ट.
बडा गणपती ते राजवाडा हे अंतर
कंपनीच्या माणसानं कधी कापलेलं दिसत नाही.

पाय हलका ठेव, मी म्हणतो.
पाय हलकाच आहे, ती म्हणते, गाडी सतराशे किलोची आहे.
कॉलेजात फिजिक्स शिकवायची ती.
शंभरच्या वर हवाच पेट्रोल पिते म्हणाली एकदा,
वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं,
आणि एकशे दहावर गेली.

शेजारचे झोकरकर डिझेलवाले.
अठरा देते, अठरा,
संक्रांतीच्या तिळगुळासकट हेच सांगतात.
त्यांच्याकडे वही नाही.

मे महिन्यातल्या एका टाकीत
सव्वा लिटरचा मेळ लागेना.
रस्ते तेच, टायरची हवा तीच.
पंपावर संशय घेतला, दशरथशी दोन दिवस बोललो नाही.
मग तारीख पाहिली. माझी अँजिओग्राफी.
पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा
दवाखान्याच्या चौकीदारानं तिला ओळखलं:
"मैडम उस दिन घंटा भर गाड़ी में ही बैठी रहीं,
इंजन चालू था, मैंने टोका भी।"
घरी मला सांगितलं होतं, खाली कॉफी घेत होते.
अंतर शून्य, इंधन सव्वा लिटर.
भागाकार येतो मला, उत्तरही येतं.
शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा ठेवला.

परवाच्या रविवारी खलघाटला गेलो, दोन्ही गाड्या,
एकाच पंपावर काठोकाठ भरून.
नर्मदेवर झोकरकरांनी भजी खाल्ली
आणि परतताना मानपूरच्या चढाला आमच्या पुढे लागले.
त्यांच्या पुढे सळयांचा ट्रेलर, चालीनं बैल.
विदुलानं दोन गिअर उतरवले.
आकडा घसरला तीन पूर्णांक एकवर,
माझी पाठ सीटमध्ये रुतली,
थर्मासचा चहा वहीवर,
एप्रिलचं अख्खं पान तपकिरी.
एका दमात ट्रेलरही मागे, झोकरकरही मागे,
आणि ती हसली.
पूर्वी लूना तिरपी करून
टाकीतला शेवटचा घोट कार्बोरेटरकडे ढकलायची ना,
आणि गाडी सुरू झाली की हसायची,
तसंच.

संध्याकाळी परत तीन नंबरचं नोझल.
झोकरकरांचे दहा पूर्णांक सहा लिटर,
भागून चौदा पूर्णांक सात.
ते म्हणाले, आज एसी होता ना, शिवाय भजी.
आमचे तेरा पूर्णांक नऊ.
किती? तिनं आरशात बघत विचारलं.
अकरा पूर्णांक बावीस.
घाट धरून?
घाट धरून.
मग वाईट नाही, ती म्हणाली,
आणि मी ओल्या पानावर आकडा लिहू लागलो,
शाई फुटत होती.