मिठाचा वेढा

उद्यमनगरात छत्तीस वर्षं साचे भरून
घरी बसलेल्या भूपालकाकांनी
त्या दिवाळीत पन्हाळा केला नाही.
विशाळगडही नाही.
लायब्ररीतल्या एका पुस्तकात,
वाळवीनं कडा खाल्लेल्या नकाशावर
त्यांना एक किल्ला सापडला होता.
ओचाकोव्ह. काळ्या समुद्राकाठचा, तुर्कांचा.
सतराशे अठ्ठ्याऐंशी. बाहेर रशियाची फौज.
उन्हाळ्यात पडलेला वेढा
डिसेंबर आला तरी उठला नव्हता.

"ह्यो कुठला गड ओ, काका?"
"लांबचा," म्हणायचे,
आणि माती चाळत राहायचे,
मूठ दाबून बघायचे बोटांचा ठसा टिकतो का,
फौंड्रीतल्या वाळूत बघायचे तसं.

तट बुटका केला. आमचा विरस झाला.
गड कसा, मान वर करून बघायचा असतो.
हा जमिनीला चिकटून बसलेला, कासवागत.
"तोफंम्होरं उंची काय कामाची न्हाई," एवढंच बोलले.

बर्फाला सात किलो जाडं मीठ.
गोठलेल्या खाडीवर
इचलकरंजीच्या मागाखालची कापसाची झाडण.
कुंभार गल्लीतनं मावळे आणले दोन डझन,
पगड्या कानशीनं तासल्या,
बारा चुन्यात बुडवले, ते तुर्क.
बारांना काजळाच्या मिशा.
चेहरे सगळ्यांचे एकाच साच्यातले.

मी सहावीत. विचारलं,
"आपण कुणाच्या बाजूचे?"
काकांनी कानशीवरची भुकटी फुंकली.
"आत एक आड हाय. पाणी गोठलंय त्यातलं.
तिथं घागर घेतलेली बाई उभी करायची राहिलीया.
तुझी बोटं बारीक हाईत. कर."

केली. नाक जमलं नाही.

मंडळाचे परीक्षक आले वही घेऊन.
एकाच्या कपाळावर गंधाची कोर होती,
तो निशाणावरच्या कोरीकडं बघत राहिला.
"आपल्या इतिहासाशी ह्याचा संबंध काय?"
काका म्हणाले, "आतल्याला भूक लागती.
भाईरच्यालाबी लागती."
वहीत त्यांनी काय लिहिलं कळलं नाही.
उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही.

भाऊबीजेच्या रात्री, रीतीप्रमाणं,
पोरांनी बुरुजाबुरुजात सुतळी बाँब खोचले.
दरवाज्यातला मी पेटवला.
हे काकांना ठाऊक आहे.
पायरीवर बसून ते आवाज मोजत होते.
धूर खाली बसल्यावर म्हणाले,
"सहा म्हैनं बसलं थंडीत कुडकुडत
आणि आत शिरल्यावर सव्वा तास लागला बघ.
मढी पुरायला जमीन फुटंना.
बर्फावर टाकली, तिकडं, खाडीत."
आणि हातानं कापसाकडं दाखवलं.
कापूस जळून काळा झाला होता.

पहाटे धोंडीराम गवळ्याची म्हैस
गंगावेशीकडं धारेला निघालेली,
आमच्या दारात थांबली.
हुंगलं. मग खरखरीत जीभ काढून
रशियाची छावणी चाटायला लागली.
गवळी हाकलायला धावला.
"असू दे," काका म्हणाले, "चाटू दे तिला."

खंदक गेला, तळ गेला,
चुन्याचे आणि काजळाचे एकत्रच पडले.
आडाजवळ ती बाई आडवी होती,
बिननाकाची, घागर शाबूत.
म्हशीनं तिच्याभोवतीचं मीठ सावकाश साफ केलं,
तिला तेवढी ठेवली,
आणि गळ्यातली घंटा वाजवत
दूधकट्ट्याकडं गेली.