तिसरी नळी

अबाइयांग बेटावरच्या आमच्या शाळेत
प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक खिडकी
आणि सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली,
तळाशी उरलेली. थेंब मोजून वापरायची.

मुलांनी आज घरोघरचं पाणी आणलं.
पहिली नळी चर्चच्या टाकीची:
थेंब पडला, काही झालं नाही.
दुसरी धक्क्याजवळच्या विहिरीची:
तोंडाची वाफ बसलेल्या काचेइतकी धूसर.
तिसरी नेई कौरेच्या विहिरीची.
थेंब पडला
आणि नासलेल्या नारळाच्या दुधासारखं
पांढरं पांढरं गोळा होत खाली बसायला लागलं.

अवक्षेप, मी फळ्यावर लिहिलं.
तोंडानं म्हणालो, साका.
बाणाच्या अलीकडे चार आयन. पलीकडे एक पांढरा जोड, दोन सुटे.
दोन्हीकडे जे जसेच्या तसे, त्यांच्यावर काट मारा.
सोडियम गेला. नायट्रेट गेला.
हे नुसते बघे. पाण्यात होते, पाण्यातच राहिले.

बिरिबोनं हात वर केला
(अंगठ्यावर बाटलीचा काळा डाग,
आठवडाभर तरी जायचा नाही):
"सर, सोडियमपण समुद्रातूनच आला ना?
वाळूखालून, त्याच वाटेनं, क्लोराइडच्या जोडीनं?
मग तो बघ्या कसा?"

नळीत घडलं तेवढंच लिहायचं, मी म्हणालो,
विहिरीत घडलं त्याचं समीकरण वेगळं.
आणि खडू धरून तसाच उभा राहिलो,
कारण ते मला येत नव्हतं.

चांदी, अधिक एक.
क्लोराइड, उणे एक.
बाण.
पांढरं.
दोन्हीकडे भाराची बेरीज शून्य. संतुलित आहे,
उतरवून घ्या.

संध्याकाळी सांगायला गेलो.
नेई कौरे बाबाईच्या खड्ड्यात उतरलेली,
पानांच्या कडा करपलेल्या.
"मोठ्या भरतीनंतर चहानंच सांगितलं की," ती म्हणाली,
"आता मीठ विकत आणत नाही, एवढाच फायदा.
त्यासाठी चांदी कशाला घालवलीत?"

सकाळी वह्या तपासल्या.
बिरिबोनं काट मारलेल्या सोडियमभोवती
पेन्सिलीनं बारीकसा गोल काढला होता.
मी तिथे खूण केली नाही, कसलीच.
खिडकीतली तिसरी नळी उजेड लागून
जांभळट पडली होती.
ती धुवायला टाकीचं पाणी घेतलं,
अर्धा पेला.