वगळलेलं

कॉन्फिगर लगेच कामाला लागत नाही.
आधी चौकशी करतं, स्थळ बघायला आलेल्या आत्याबाईंसारखी:
कंपायलर आहे का? आहे.
चालतो का? चालतो.
आकड्याचं थोरलं टोक आधी ठेवता की धाकटं? धाकटं.
इथलं वातावरण शुद्धीवर आहे का?
खरंच असं विचारतं,
आणि आपणच 'आहे' म्हणून
पुढे सरकतं.

वोर्म्सी बेट, फेब्रुवारी, जुनं डाकघर.
केर्तू कोट न काढता बसली आहे.
यंत्र तिच्या धाकट्या भावाच्या वयाचं,
मेमरी एवढीशी
की एकेक मॉड्यूल
होडीत चढणाऱ्या माणसासारखं
तोलून घ्यावं लागतं.

विथ एसएसएल. हवंच.
विथ झेडलिब. हवं, बेटाला येणारी लाइन बारीक आहे.
प्रॉक्सी नको.
मेल तर नकोच नको.
दर विदाउटला तिला हलकं वाटतं,
फडताळातली एक फळी रिकामी झाल्यासारखं.

शेजारच्या खिडकीत एंडेलची फाइल.
एंडेल दोन हिवाळ्यांपूर्वी गेला,
मागे ही बांधणीची आज्ञा ठेवून:
एकच लांब वाक्य,
दर ओळीच्या टोकाला उलटी तिरकी रेघ,
म्हणजे अजून संपलं नाही, अजून संपलं नाही.
कुठे टीप नाही, कारण नाही.
फक्त शेवटच्या ओळीत, फोल्डरची यादी दाखवणारं मॉड्यूल चालू,
आणि पुढे दोन शब्द:
राहू दे.

का राहू दे?
उघड्या फोल्डरची यादी जगाला दाखवणं म्हणजे
कपाट सताड टाकून परगावी जाणं.
केर्तूनं लिहिलं, विदाउट.

मेक.
पंखा घोंघावत राहिला,
खिडकीच्या काचेवरचं दव
खालच्या कडेला जमून टपकलं.
बोटीच्या वेळा उघडल्या. ग्रंथालय उघडलं.
चर्चचं पान उघडलं, तिथे अजून नाताळच होता.
झालं, म्हणाली ती.

शुक्रवारी फोन.
"मी आइनो. बर्फ दिसत नाही."
कुठला बर्फ?
"एंडेल मोजायचा तो. आता त्याचा भाचा मोजतो.
भोक पाडतो, पट्टी घालतो, फोटो काढतो,
आणि फोटोच्या नावातच आकडा लिहितो.
फोटो मी कधी उघडत नाही, उघडायला फार वेळ लागतो.
नावं वाचते.
चोवीस. पंचवीस. पंचवीस. बावीस.
आज नुसतं लिहून येतं, परवानगी नाही."
मग थोडं थांबून,
"उद्या शनिवार. मुलगा गाडी घेऊन बर्फावरून येतो.
आकडा बघितल्याशिवाय मी त्याला ये म्हणत नाही."

केर्तूनं भाच्याला फोन लावला,
आकडा विचारला, आइनोला कळवला.
तेवढ्यानं भागलं असतं.

मेक क्लीन.
पुन्हा आत्याबाई, पुन्हा पहिल्यापासून,
कंपायलर आहे का, चालतो का.
शुद्धीवर आहे का, हा प्रश्न आला तेव्हा
या खेपेला केर्तूलाही उत्तर ठाऊक नव्हतं.

एंडेलनं कारण लिहिलं नाही, आपण लिहू,
म्हणून तिनं दर पर्यायापुढे टीप जोडली,
हे कशाला, ते कोणासाठी.
आज्ञा मधेच तुटली.
रेघेनंतर एक शब्दही खपत नाही,
साधी मोकळी जागासुद्धा नाही.
ओळ पुढे चालू असेतो बोलायचं नाही,
बोलायचं ते शेवटी,
तिथे जेमतेम जागा.

सगळ्या टिपा तिनं पुसल्या.
यादीचं मॉड्यूल उचलून
परत शेवटच्या ओळीत नेलं,
आणि पुढे लिहिलं:
राहू दे. आइनो वाचते.

मेक लावून ती बाहेर आली.
वाऱ्यात खाडीकडून
बर्फाचा एक लांब, जाड आवाज आला,
तडकल्याचा की धरल्याचा,
तिला नाही कळत.