पानाची मागली बाजू

बेडगच्या वळणावरून मुरमाचे डंपर जातात
आणि काकडीच्या पहिल्या चार सऱ्या
गिरणीतून आल्यासारख्या पांढऱ्या होतात.
सुरुवात तिथूनच.
आधी सुईनं टोचल्यासारखे ठिपके,
मग पान पितळी,
मग शेंड्याला जाळी, इतकी बारीक
की दव नसतं तर दिसली नसती.

हे म्हणाले, करपा.
दुकानदार म्हणाला, करपाच, आणि बाटली पुढे सरकवली.
मी वडिलांचं भिंग काढलं.
मिरजेत चाळीस वर्षं ते डोळ्याला लावून
त्यांनी लोकांच्या वेळा जुळवल्या.
पान उलटं केलं.

खाली वस्ती होती.
आठ पायांची, पाठीवर दोन काळे डाग,
आणि शिरेच्या कडेनं अंडी,
साबुदाण्यासारखी, शिजून पारदर्शक झालेली.
सासूबाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.
म्हणाल्या, "अगं, ह्यास्नी लेकरं हैत."
पर्युषण चार दिवसांवर होतं.

तेव्हापासून वहीत हिशेब आहे,
पापाचा नाही, सरीचा.
रस्त्याकडे: पानामागे साठ, चाळीस, पुन्हा साठ.
शेवरीच्या कुंपणाआड: सात. तीन. काही नाही.
भूपालभावजींनी जिथे युरिया दोनदा टाकला
तिथे पानं सुपाएवढी, काळपट हिरवी,
आणि लाल कोळ्याची लग्नसराई.
पंगत आपणच वाढली, म्हटलं.
ते म्हणाले, "वैनी, मग काकडीला उपास घालू का?"

पण सगळ्यात वाईट विहिरीजवळचा तुकडा,
जिथे आम्ही सगळ्यात जास्त जपलं.
दर सोमवारी फवारा, चुकवला नाही.
दुसऱ्या सऱ्यांत एक तांबूस, चकचकीत, सतत घाईत असलेला
या कोळ्यांनाच खाणारा कोळी आहे;
एकाच्या मागे मी अख्खी दुपार घालवली.
इथे तो नव्हता.
ढालकिडा नव्हता.
राखणदार पहिल्या सोमवारी गेला,
चोर कितव्याही सोमवारी नाही.

डंपरवाल्या यासीनला थांबवून भिंग दिलं.
"तुमची जनावरं लईच बारकी की," तो म्हणाला,
पण वळणावर आता गिअर बदलतो.
युरिया निम्मा केला. ठिबक रोज, थोडं थोडं.
रस्त्याच्या कडेनं मक्याच्या दोन ओळी पेरल्या,
अजून गुडघ्यालाही नाहीत.
सोमवारी पंप भिंतीला टांगलेलाच,
आणि हे त्याच्याकडे बघत चहा पितात.
खालची पिवळी पानं खुडली, सात पाट्या.
जाळायची की पुरायची
यावर घरात दोन दिवस अबोला.

वहीत कालचा आकडा एकोणीस.
उन्हामुळे, की मक्यामुळे, की मी मोजताना चुकले,
माहीत नाही.

क्षमावाणीच्या सकाळी सासूबाई
त्या पाट्यांपुढे उकिडव्या बसलेल्या दिसल्या,
हात जोडलेले.
काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.
डंपर जात होता.