मांडीवर ठेवलेले हात

केयॉन बंदरात रात्री अकरानंतर
फक्त आमच्या खोलीत दिवा असतो,
आणि तोही माणसांसाठी नाही.
बारा तास उजेड, बारा तास काळोख,
त्यांचा दिवस मी भिंतीवरच्या घड्याळाला बांधून दिलाय.
चंबूत त्या पोहतात साखळीने,
एकमेकींचा पदर धरल्यासारख्या,
चार, आठ, कधी सोळा.
नुसत्या डोळ्यांना दिसतं ते पाणी,
फार पातळ झालेल्या चहाच्या रंगाचं.

चंबू दोन.
एकावर लिहिलंय ‘विषारी’, दुसऱ्यावर ‘नाही’.
सूक्ष्मदर्शकाखाली जुळ्या बहिणी.
तेच चिलखत, कमरेला तीच खाच,
तीच गिरकी.
कुणाच्या पोटात काय, ते तोंडावर लिहिलेलं नसतं,
असं आई बाजारात मासळीच्या पाटीमागे बसून म्हणायची,
पण ते गिऱ्हाइकांबद्दल.

आईचा भाऊ बाउदिलिओ
ओहोटीला खडकांवरून काळे शिंपले काढायचा.
बंदीचा फलक त्याने वाचला होता.
म्हणाला, पाणी तर निवळशंख आहे,
आणि उकळलं की काय उरतं?
वर लिंबू पिळलं. इथे सगळेच पिळतात.
आधी ओठांना मुंग्या आल्या. तो हसला,
‘एदेल, कुणीतरी आतून मुका घेतंय गं.’
मग बोटांना. मग जीभ जड झाली.
मग तो हसतोय की नाही
ते चेहऱ्यावरून कळेना.
छाती थांबली तेव्हा डोळे अजून जागे होते.
हे मला लिहायचं नव्हतं.

शिंपल्याला मात्र काही होत नाही.
तो गाळतो, साठवतो,
दुसऱ्याचं गुपित पोटात घेऊन
तोंड मिटून बसतो.

तर काम असं:
पेशी बर्फावर ठेवायच्या,
माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने फोडायच्या.
विष स्वतः प्रथिन नाही, ते फार लहान.
पण ते घडवणारे हात प्रथिनांचे.
मी हात शोधते.
जेलीच्या पातळ वडीतून वीज सोडली
की हलके पुढे पळतात, जड मागे रेंगाळतात,
लग्नाहून पायी परतणाऱ्या कुटुंबासारखे.
निळ्या रंगात बुडवलं
की पायऱ्या उमटतात, शिडीच्या.
दोन शिड्या शेजारी ठेवायच्या
आणि एकीत जास्तीची पायरी कुठली, ते बघायचं.
तीन हिवाळे हेच बघितलंय.

काल रात्री सापडली.
ओरडले नाही. रिकाम्या खोलीत ओरडून काय?
मग दिवा जवळ घेतला
तर तीच पायरी
दुसऱ्या शिडीतही.
फिकट. कुणी ओल्या बोटाने पुसली असावी इतकी.
डॉक्टर ओयार्सून फोनवर म्हणाल्या, हात धुऊन पुन्हा कर.
पुन्हा केलं. हात दोनदा धुतले.
पायरी आहे.

म्हणजे ‘नाही’ लिहिलेल्या चंबूतही हात आहेत,
काम नसलेले, मांडीवर ठेवलेले.
कशाची वाट बघताहेत?
ऊन, खत, उबदार पाण्याचा एखादा आठवडा,
की भलतंच काही, जे आमच्या तक्त्यात अजून नाही.

सकाळी सातला मामी ओर्मेसिंदा
पत्र्याची बादली घेऊन दारात.
दर आठवड्याला येते. पायऱ्यांबद्दल विचारत नाही.
‘आज खाल्लं तर चालेल?’
कागद दुपारी येईल, मी म्हणते.
‘कागद,’ ती म्हणते,
आणि माझ्या निळ्या बोटांकडे बघते,
मग खाडीकडे. पाणी निवळ आहे.
ती बादली उचलते.
हिसक्याने आतले शिंपले मिटत जातात,
टक्,
टक्,
एकेक.