तीळ भिजेपर्यंत

डुलूथ. उणे चोवीस.
फॅरनहाइट की सेल्सियस, हे विचारण्याच्या पलीकडची थंडी.
उताराच्या रस्त्यावर गाडी नाक वर करून उभी,
खाली गोठलेलं सरोवर
आणि धक्क्याला बांधून घातलेली खनिजाची जहाजं.

किल्ली फिरवते.
डॅशबोर्डवर लाल झारी, चोचीला एक थेंब
जो कधी पडत नाही.
एक. बॉनेटखाली कुणीतरी
पत्र्याच्या डब्यात खडे हलवतंय.
दोन. अजून.
तीन.
मग झारी विझते, खडे थांबतात,
आणि माझा सुटलेला श्वास काचेवर जाऊन गोठतो.

डार्लीन कोस्कीच्या तोंडात तीळ भिजत नाही.
माझ्या गाडीची खडखड तिनं पोस्टमनला सांगितली,
समोरच्या पाद्रीबाबाला सांगितली,
शेवटी मला:
"तुझं इंजिन रोज सकाळी तीन सेकंद उपाशी पळतं, बाई."

चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांखाली आडवी पडलेली ती.
माझा जुना फिल्टर तिनं उभा कापला.
आमच्या देवरुखाला फणस कापताना हाताला तेल लावतात,
इथं ते फणसातच होतं.
आत कागदाच्या निऱ्या, काळ्या पडलेल्या,
आणि तोंडाशी रबराची एक चकती.
"ही झडप."
नखानं दाबली. वाकली नाही, तडकली.

"तुझ्या इंजिनला फिल्टर आडवा लागतो.
गाडी निजली की तेलाला उतार दिसतो.
हिचं काम एवढंच, भोकांवर बसून राहायचं,
सकाळपर्यंत ते तेल तोंडात धरायचं.
हिनं नाही धरलं.
आता पंप आधी रिकामा डबा भरणार,
तोवर बेअरिंगं कोरडी. लोखंडावर लोखंड."

साडेतीन डॉलर वाचवले होते मी.

तिनं मापक जोडला तेव्हा काटा थेट ऐंशीवर गेलेला.
मी म्हटलं, दाब तर भरपूर आहे की!
ती हसली. "थंडीत तेल काकवीसारखं.
काटा चढतो तो अडल्यामुळे.
दाब आला म्हणजे तेल पोचलं असं नाही.
फारच तुंबलं तर स्प्रिंगची दुसरी झडप उघडते,
न गाळताच सोडून देते.
मळकं का होईना, पण उपाशी नको."

हे मी निरंजनला सांगितलं नाही.
मंगळवारपासून आमचं बोलणं नव्हतं,
आणि कारण आता आठवून आठवून काढावं लागलं असतं.
सकाळी ओट्याशी:
"चहा?"
"ठेव."
खड, खड.
रात्रभरात सगळं कुठं उतरून जातं कोण जाणे.

शनिवारी डार्लीनच्या गॅरेजात मी पाठीवर.
जुनं तेल मनगटावरून कोपरापर्यंत, कढत.
नव्या फिल्टरची चकती केशरी, सिलिकॉनची,
गोठणाऱ्या हवेतही कानाच्या पाळीसारखी मऊ.
वायसरवरून बोटानं तेल फिरवलं,
बाळाची टाळू भरताना घेतात तेवढंच.
हातानं घट्ट, वर पाऊण फेरा.
"पान्हा नको," डार्लीन ओरडली,
"पुढच्या वेळी तुलाच सोडवायचाय!"

सोमवारी साडेपाच. उणे सव्वीस.
किल्ली.
झारी.
एक,
आणि 'दोन'साठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

वर खिडकीत दिवा लागला होता.
निरंजन, अंगावर रजई, काचेला कपाळ टेकून.
त्यानं एक बोट वर केलं.
एकच.

मी तर कुणाला सांगितलं नव्हतं की मी मोजते.
डार्लीनलासुद्धा नाही.